३१० बैल आणि १४ आकडी नंबर

२०२४ च्या तान्ह्या पोळ्याला नागपुरातल्या आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, पोरांना मी घरची बिस्किटं वाटली. दिवाळीत तीच बिस्किटं विकायलाही ठेवली. मुलगी त्यांना कुकीज म्हणते, बेकरीवाला नानकटाई म्हणतो, मी बिस्किटं म्हणतो. तेव्हापासून चार-पाच जणांनी विचारलं, की काका, कसं केलं, किती खर्च आला, लायसन लागतं का. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. ३४ वर्षं हिशेब खात्यात काढल्यामुळे आकडे वहीत होतेच.

सुरुवात झाली ती तोंड उघडल्यामुळे. ७ जुलैला, रविवारी, लेआउटची बैठक होती. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी येतात, त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, द्यायचा असतो. आमच्याकडे दरवर्षी १० रुपयांची नोट आणि दुकानातला बिस्किटांचा पुडा. कोणीतरी म्हणालं, तेच ते काय देऊन राहिलो आपण. मी म्हणालो, "मी घरी करतो बिस्किटं. बैलाच्या आकाराची." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय संपला. घरी आल्यावर सौ.नं विचारलं, "अहो, तुम्हाला चहा तरी करता येतो का?"

चहा येतो. बिस्किटं मात्र मी कधी केली नव्हती, करताना बघितली होती. लहानपणी शहराच्या महाल भागात राहायचो तेव्हा मे महिन्यात आई रवा, मैदा, डालडा, पिठीसाखर पिशवीत भरून आम्हा भावंडांना बेकरीत पाठवायची. तिथे नंबर लावायचा, आपला माल आपल्यासमोर मळून घ्यायचा आणि भट्टीतून आलेली गरम बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणायची. डबा घरी येईस्तोवर वरचा थर गायब. एवढ्या भांडवलावर मी १४० पोरांचा शब्द देऊन बसलो होतो.

मुलीनं तीन वर्षांपूर्वी दिलेला २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, माळ्यावर होता. १४ जुलैला खाली काढला, पुसला, लावला आणि दहाव्या मिनिटाला एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप बंद होणारा विजेचा खटका, पडला. स्वयंपाकघरातला पॉइंट मिक्सरचा, ६ अँपिअरचा. ओटीजीला १६ चा लागतो, तोही वेगळ्या वायरवर. इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणाला आणि चार दिवसांनी आला. ६५० रुपये. तुम्हाला करायचं असेल तर आधी हे बघून घ्या, नाहीतर लोणी फेसून ठेवाल आणि घरात अंधार असेल.

पहिला घाणा मोबाईलवर बघून केला. लोणी, साखर, मैदा, १८० डिग्री, १५ मिनिटं. सोळा गोळे आत गेले आणि एक चादर बाहेर आली. सगळी बिस्किटं पसरून एकमेकांत मिसळली होती. नातवानं तिचे तुकडे करून दुधात घालून खाल्ले, त्याची काही तक्रार नव्हती. दोष लोण्याचा होता. पावसाळ्यातसुद्धा आमच्या स्वयंपाकघरात लोणी पातळ होतं, आणि पातळ लोण्याचा गोळा ओव्हनमध्ये घट्ट व्हायच्या आधीच वाहतो. मळलेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला की पसरत नाही. दुसऱ्या घाण्याला मी हे केलं, पण मैदा जास्त मळला. चपातीसारखा मळला, सवय बघितलेली तीच. ती बिस्किटं एवढी कडक झाली की सौ. म्हणाली, यांनी लगोरी खेळा. मैद्याला पाणी किंवा दूध लागल्यावर जितकं मळाल तितका त्यात चिवटपणा येतो. बिस्किटाचं पीठ फक्त एकत्र आणायचं, मळायचं नाही.

तिसऱ्या घाण्याला तळ करपला आणि वरून कच्ची राहिली. मग ३५० रुपयांचा ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मागवला. बटण १८० वर होतं, काटा २०५ वर. मागच्या बाजूला तर आणखीच तापत होतं. या सगळ्यात ही एक वस्तू सगळ्यात उपयोगी ठरली. आता मी बटण १६० वर ठेवतो, ट्रे मधल्या कप्प्यात घालतो आणि अर्ध्या वेळानं ट्रेची दिशा फिरवतो. आणखी एक, बिस्किट बाहेर काढताना मऊच असतं. मी ते कच्चं समजून परत परत आत ढकलत होतो. दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या, गार होता होता घट्ट होतं.

चौथ्या घाण्यापासून मी बटर सोडलं आणि थिजलेल्या तुपावर आलो. निम्मा मैदा, निम्मी कणीक. चव आईच्या डब्याजवळ आली. अगदी ती नाही, कारण त्यात डालडा होता आणि बेकरीवाले थोडा खायचा अमोनियाही घालत. त्यानं बिस्किट पोकळ, खुसखुशीत होतं, पण ते गरम असताना नाकात झिणझिण्या येतात. घरच्या बंद ओव्हनला तो वास झेपत नाही. मी घातला नाही.

मग बैल. बैलाचा साचा कुठेच मिळेना. हृदय आहे, चांदणी आहे, नाताळचं झाड आहे, बैल नाही. इतवारीच्या बाजारात टिनाचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यांनी चित्र मागितलं. मी काढून दिलेल्या चित्रावरून त्यांनी पट्टी वाकवून जे केलं ते शेळीसारखं दिसत होतं, आणि चूक त्यांची नव्हती. दुसऱ्या खेपेला नातवाचा लाकडी बैलच घेऊन गेलो. साचा हुबेहूब झाला, वशिंडासकट. १२० रुपये घेतले. घरी येऊन कापून बघितलं तर चारही पाय ट्रेवरून उचलताना तुटले, जे उरले ते भाजताना करपले. बारीक भाग आधी भाजला जातो, जाड पोट मागे राहतं. शिंगांचंही तेच.

तिसऱ्यांदा इतवारी. या वेळी मी म्हणालो, बैल बसलेला करा. पाय पोटाखाली, शिंगं आखूड, मान जाड. कारागीर हसले आणि म्हणाले, "पोळ्याच्या दिवशी बैल बसतोच ना भाऊ, कामाला कुठे जाते?" या साच्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. नातवानं मात्र विचारलं, बैल बसला कशाला? म्हटलं, थकला. त्याला पटलं.

आता हिशेब. १४० पोरं, प्रत्येकी दोन, फुटतील म्हणून थोडे वर, असे ३१० बैल. एका बैलाला कच्चं पीठ २० ग्रॅम, म्हणजे ६ किलो २०० ग्रॅम. माझ्या ओटीजीच्या ट्रेवर १२ बैल मावतात. २६ ट्रे, प्रत्येकी १८ मिनिटं, नुसता भाजायचाच वेळ पावणेआठ तासांहून जास्त. त्यात आमच्याकडे पावसात वीज जाते ती वेगळीच. रात्री ११ वाजता वहीत हा गुणाकार केला आणि मला पहिल्यांदा घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या जुन्या बेकरीत गेलो. लाकडाच्या भट्टीची बेकरी आता शोधावी लागते. मालक पन्नाशीचे. लोकांचा माल भाजून देणं त्यांनी जवळजवळ बंद केलं होतं, कारण कोणी आणतच नाही म्हणाले. किलोला ६० रुपये सांगितले आणि वेळ दुपारी २ ची, सकाळचे पाव निघाल्यावर भट्टी जरा निवते तेव्हाची. एक अट घातली. "साचे तुम्हीच कापायचे काका. माझ्या पोराईले बैल पाडायला वेळ नाही."

शनिवारी, ३१ ऑगस्टला रात्री पीठ केलं. मैदा दीड किलो, कणीक दीड किलो, तूप दीड किलो, पिठीसाखर १ किलो ३०० ग्रॅम, वेलची २० ग्रॅम आणि गोळा होण्यापुरतं, साधारण ४०० मिली दूध. तूप आणि साखर हातानं फेसली. दीड किलो तूप हातानं फेसणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी खांद्याला कळतं. परातीत मावेना म्हणून दोन वेळा केलं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सौ.नं भाजीचा कप्पा रिकामा करून दिला. त्याबद्दल काही बोलली नाही, फक्त रविवारी आम्ही पिठलं खाल्लं.

१ सप्टेंबरला दुपारी पावणेदोनला मी, सौ. आणि शेजारच्या दोन वहिनी पोळपाट-लाटणी घेऊन बेकरीत. पाव इंच जाड लाटायचं, कापायचं, ट्रेवर मांडायचं. डोळ्याच्या जागी लवंग टोचायचं ठरलं होतं, पण लहान पोरांच्या दातात लवंग नको म्हणून काडीनं नुसतं भोक पाडलं. भट्टीवरच्या माणसानं ट्रे घालण्याआधी चिमूटभर मैदा आत टाकला आणि बघत राहिला. मैदा लगेच काळा झाला. "अजून नाही." दहा मिनिटांनी पुन्हा टाकला, तो हळूहळू बदामी होत गेला. "घाला." तिथे ना काटा होता ना घड्याळ. मी ३५० रुपयांचा थर्मामीटर खिशातून काढलाच नाही.

लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून ट्रे आत सरकायचे आणि तो माणूस वाकून त्या काळोखात बघत राहायचा. एकदा मी विचारलं, झाले का? तो म्हणाला, "वास येऊ द्या." खरंच, तुपाचा वास बदलतो. आधी कच्चा गोडसर, मग एकदम भाजल्या बेसनाच्या लाडवासारखा. त्या बदलानंतर दोन मिनिटांत काढायचे. पावणेपाचपर्यंत सगळं झालं. ३१० पैकी २३ फुटले, ११ करपले, साबूत बैल २७६. फुटलेले तिथल्या तिथे चहासोबत गेले.

खर्च असा झाला: मैदा आणि कणीक १२०, तूप ९३०, साखर ६५, वेलची ८०, दूध ३२, भट्टी ३६० (वरच्या २०० ग्रॅमचे त्यांनी सोडले), कागदी पाकिटं १६०. एकूण १,७४७ रुपये. साबूत बैल धरले तर एकाला ६ रुपये ३३ पैसे. इलेक्ट्रिशियन, थर्मामीटर आणि वाया गेलेले चार घाणे यात धरलेले नाहीत, ते मी कुठल्या खात्यात टाकावे हे अजून ठरलेलं नाही.

डब्यात भरताना मी एक घोडचूक केली. बिस्किटं पुरती गार झाली नव्हती आणि घरी जायची घाई होती. झाकण लावलं. २ तारखेला, मोठ्या पोळ्याच्या दिवशी, दिवसभर पाऊस. संध्याकाळी डबा उघडला तर बैल सादळलेले. दाबला की दबत होता. मला अक्षरशः रडू आलं, वयाच्या ६१ व्या वर्षी. आतली वाफ डब्यातच राहिली होती, वरून हवेतली ओल, आणि साखर ओल ओढून घेते. मुलीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, बाबा, परत भाजा. १५० डिग्रीवर पाच-सहा मिनिटं, मग पंख्याखाली पूर्ण गार, मग डबा. रात्री १ वाजेपर्यंत १२-१२ बैल आत-बाहेर केले. वीज गेली नाही, ही इडापिडा त्या दिवशी टळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, दुपारनंतर आमच्याकडे पोरं. १४० म्हटली होती, आली ११८. एकानं बिस्किट घेतलं, आपल्या लाकडी बैलाच्या तोंडाला लावलं आणि मगच स्वतः खाल्लं. एका मुलीनं विचारलं, की आजोबा, १० रुपये नाही का? तेव्हा पुढच्या वर्षी दोन्ही द्यावं लागणार. उरलेले ४० बैल शेजारीपाजारी गेले.

इथवर काही कागद लागला नाही. घरच्यांना, शेजाऱ्यांना, पोरांना प्रेमानं वाटलं. पुढे लेआउटच्या महिला मंडळानं दिवाळीच्या फराळाचा एक दिवसाचा मेळा ठरवला, २० ऑक्टोबरचा. मला म्हणाले, तुमची बिस्किटं ठेवा, उरलेले पैसे वाचनालयाला देऊ. हॉलवाल्यांनी प्रत्येक खाद्यपदार्थाच्या टेबलासाठी एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नंबर मागितला. सगळ्या वैतागल्या. आपण नफा कुठे कमावून राहिलो, आपल्याला कशाला लायसन? मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून २००६ चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा उघडून बघितला. त्यात अन्न व्यवसायाची व्याख्याच अशी आहे, की तो नफ्यासाठी असो वा नसो. विषय मिटला.

घाबरण्यासारखं मात्र काही नाही. तेव्हा, २०२४ मध्ये, वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर लायसन नाही, नुसती नोंदणी लागायची, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. एका एजंटनं मला २,५०० सांगितले होते. फॉस्कोस नावाच्या सरकारी पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो. मी २३ सप्टेंबरला बसलो. सौ. म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नका. म्हटलं, सुरू कुठे करतोय, अर्ज करतोय. राज्य निवडा, व्यवसायाचा प्रकार निवडा, उलाढाल सांगा, मोबाईलवर ओटीपी येतो. फोटो, ओळखपत्र आणि स्वच्छतेचे नियम पाळीन असं स्वतःचं घोषणापत्र. फोटोची फाईल मोठी असल्यानं तीनदा परत आली, नातवाच्या आईनं ती लहान करून दिली. ४० मिनिटं लागली, १०० रुपये ऑनलाइन भरले.

३० तारखेला अर्जावर शंका आली. आधारवर महालचा जुना पत्ता आणि स्वयंपाकघर लेआउटमध्ये. ३४ वर्षं दुसऱ्यांच्या व्हाउचरवर मी असल्याच शंका काढल्या होत्या, आणि स्वतःच्या अर्जात ती दिसली नाही. विजेचं बिल जोडून त्याच दिवशी उत्तर दिलं. तुमचा पत्ता बदललेला असेल तर पहिल्याच दिवशी बिल जोडा. तेव्हाच्या नियमानुसार ७ दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची होती. मी रोज सकाळी पूजेआधी स्थिती बघायचो. तपासणी आली तर म्हणून सौ.नं ओट्यामागच्या टाइल्स दोनदा घासल्या. तपासणी आली नाही. ७ ऑक्टोबरला प्रमाणपत्र डाउनलोड झालं. नवरात्र होतं, त्यामुळे तिचीही हरकत राहिली नाही. १४ आकडी नंबर. मी तो पाठ केला आहे, कशासाठी ते माहीत नाही.

पाकिटावर लेबल लावणं नोंदणीपेक्षा किचकट वाटलं. पदार्थाचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे अशा क्रमानं, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं, नाव-पत्ता, तो १४ आकडी नंबर, शाकाहारीचा हिरवा ठिपका. गहू आणि दूध आहे हेही वेगळं लिहायचं, कारण काहींना ते चालत नाही. एका पानावर १६ लेबलं छापून कात्रीनं कापली. वजनकाट्यावर प्रत्येक पाकीट भरताना एखादा बैल तोडावा लागायचा, तेव्हा बैल सोडून गोल बिस्किटं केली.

या वेळी त्यात संत्र्याची साल घातली. बाजारात आंबिया बहाराची हिरवट संत्री नुकती दिसायला लागली होती. साल किसणीच्या बारीक बाजूनं अगदी वरवर किसायची, खालचा पांढरा भाग आला की कडू. तीन किलो पिठाला बारा संत्र्यांची साल. किसल्यावर ती आधी साखरेत चोळून ठेवली, त्यानं वास साखरेत उतरतो.

२० ऑक्टोबरला ३० पाकिटं ठेवली, प्रत्येकी २०० ग्रॅम, ८० रुपये. २२ गेली. बाजूलाच एका वहिनींची शेव-चकली होती, तिच्यापुढे माझं टेबल ओसच. आले १,७६०. खर्च साहित्य १,२५०, भट्टी ४२०, लेबलं-पाकिटं १६०, एकूण १,८३०. म्हणजे ७० रुपयांचा तोटा. वाचनालयाच्या पेटीत मी ५०० रुपये खिशातून टाकले, कोणाला न सांगता. आता इथे लिहिलं म्हणजे सांगितलंच. पुढच्या वेळी १०० रुपये ठेवणार, आणि १०० ग्रॅमची लहान पाकिटंही, कारण अर्धी माणसं "चवीपुरतं आहे का?" विचारून पुढे गेली.

उरलेल्या ८ पाकिटांतली ४ घरात राहिली. ४ घेऊन धनत्रयोदशीच्या दुपारी बेकरीत गेलो. भट्टीवरच्या त्या माणसानं एक बिस्किट काळ्या चहात बुडवलं, वर काढून नाकाशी नेलं आणि खाल्लं. थोडा वेळ काहीच बोलला नाही.

"संत्र्याचा वास चांगला आला," तो म्हणाला. "साखर जरा कमी पडली काका."